सेविका, कर्मी, तेडागर

लहान मुले सांभाळायला शिकवणारी पुस्तके वाङ्मय म्हणून कोणी वाचत नाही. प्रशिक्षणाच्या दिवसांत ती हातात येतात आणि पुढे केंद्राच्या कपाटात नोंदवह्यांच्या गठ्ठ्याखाली जाऊन बसतात. गेल्या काही वर्षांत अशा काही पुस्तिका मी इंग्रजी-हिंदीतून मराठीत आणल्या, आणि बडोद्यात राहत असल्यामुळे तशाच गुजराती पुस्तिकाही शेजारी ठेवून वाचल्या. अनुवादकाला मजकूर घाईने वाचता येत नाही. कर्ता कोण, क्रिया कोणाची, हे दर वाक्याला ठरवावे लागते. तसे वाचताना ध्यानात आले ते असे की, हे काम दुसऱ्या बाईच्या शेजारी उभे राहून, करता करताच शिकले जाते. पण ते शिक्षण कागदावर उतरवताना आपण जे व्याकरण निवडतो, त्यातून शिकणारी बाईच गळून पडते. मला ही केवळ शैलीची बाब वाटत नाही. तिचे काम हे काम म्हणून मोजले जाते की नाही, याच्याशी तिचा संबंध आहे.

या पुस्तिकांचे आवडते रूप विध्यर्थाचे. मुलांना प्रेमाने जवळ घ्यावे, रडणाऱ्या मुलाचे लक्ष दुसरीकडे वेधावे, पालकांशी सुसंवाद ठेवावा, अशा धर्तीची वाक्ये पानोपानी येतात. इंग्रजीत अशा वाक्याला बहुधा कर्ता लागतो; तिथे ‘वर्कर’ ओळीओळीला हजर असते. मराठीत ‘सेविकेने’ हा शब्द तिसऱ्या वाक्यापासून जड वाटू लागतो, संपादक तो काढून टाकतात, आणि व्याकरणाची त्याला काही हरकत नसते. उरते ती कर्त्याविना घडणारी आदर्श क्रिया. पण जवळ घ्यायचे कोणी? एका हातात वजनाची नोंदवही आणि दुसऱ्या हातात मोबाइल असताना कसे घ्यायचे? एकाच वेळी चार मुले रडू लागली तर आधी कोणाला? विध्यर्थात हे प्रश्न उमटत नाहीत, कारण तिथे ठरावीक वेळ नसते, ठरावीक खोली नसते, ठरावीक मूल नसते.

या रूपालाही त्याची जागा आहे, हे मान्य केले पाहिजे. जलसंजीवनीत पाणी किती घालायचे, वजन करण्याआधी काटा शून्यावर कसा आणायचा, लसीची तारीख कुठे लिहायची, हे सांगताना किस्से नकोत. तिथे नेमकी आज्ञाच हवी, कारण चूक झाली तर ती मुलाला भोवते. अडचण होते ती मूल रमवण्याचे कसबही वजनकाट्याच्याच भाषेत सांगितल्यामुळे.

अनुवाद तपासण्यासाठी मी बडोद्याजवळच्या एका अंगणवाडीत काही सकाळी बसले होते. तिथे नवी आलेली बाई शिकत होती ती मुख्यतः जुन्या मदतनीस बाईंकडून. आईच्या कडेवरचे मूल ओढून घ्यायचे नाही, आईलाच घटकाभर आत बसवायचे. नवे मूल दारापाशी बसते, त्याला तिथेच बसू द्यायचे. दोन दिवसांनी ते आपले आपण आत सरकते. एक मुलगा खाऊ खिशात भरतो तो हावरेपणाने नव्हे, घरी धाकटी बहीण आहे म्हणून. तेव्हा त्याला समोर बसवून खाऊ घालायचे आणि बहिणीचे मागाहून बघायचे. घरी राठवी बोलणारी मुलगी आली की तिच्या बोलीत शू लागल्याचे कसे सांगतात ते पहिल्याच दिवशी आईला विचारून ठेवायचे. हे सगळे पुस्तिकेशी सुसंगतच होते. फक्त पुस्तिकेत ते नव्हते, आणि ज्या बाई ते शिकवत होत्या त्यांना प्रशिक्षक म्हणून कोणी ओळखत नव्हते.

गुजरातीत या मदतनीस बाईला ‘तेडागर’ म्हणतात. ‘तेडवुं’ म्हणजे बोलावणे, घेऊन येणे. आणि ‘तेडवुं’ म्हणजे मुलाला उचलून कडेवर घेणे. सकाळी घरोघर जाऊन मुलांना हाक मारायची, जे चालायला कुरकुरते त्याला उचलायचे, या तिच्या दोन्ही कामांना ते एक क्रियापद पुरते. मराठीत हे दोन अर्थ एकत्र सांभाळणारे क्रियापद मला सापडलेले नाही. सरकारी भरतीच्या जाहिरातीत इतका नेमका, अंगाला लागून असलेला शब्द टिकून राहिला, याचे मला अजून नवल वाटते. मराठीतला ‘मदतनीस’ त्यापुढे फिका आहे. तो कोणाच्याही हाताखालच्या माणसाला चालतो.

एकाच योजनेतल्या एकाच पदाला भारतीय भाषांनी काय काय नावे दिली, हे पाहण्यासारखे आहे. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत सुरू झाली. केंद्राचे नाव बहुतेक भाषांनी आपल्याकडून घेतले. हिंदीने ते ‘आंगनबाड़ी’ असे आपल्या वळणावर नेले. बंगालीत ‘बाडी’ म्हणजे घर, पण त्यांनी शब्द घराकडे न वळवता ‘वाडी’चा उच्चार तसाच ठेवला. बाईचे नाव मात्र प्रत्येकाने आपापले ठरवले. बंगालीत ती ‘कर्मी’ आहे, कन्नडमध्ये ‘कार्यकर्ते’, गुजरातीत ‘कार्यकर’. मराठीत ती ‘सेविका’ झाली, बिहारमध्येही सेविकाच. कर्मी कर्म करते, कार्यकर्ती कार्य करते, सेविका सेवा करते. यातल्या पहिल्या दोघींना मोबदला विचारता येतो. सेवेचा मोबदला विचारणे आपल्याकडे अशिष्ट समजले जाते.

‘सेविका’मागे जी सेवा आहे तिचा इतिहास मोठा आहे, आणि तो मराठी-गुजराती सीमेवर घडला. ताराबाई मोडक राजकोटला स्त्रियांच्या अध्यापक विद्यालयाच्या प्रमुख होत्या. ते पद सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात आल्या आणि मुलांमध्ये बसून नव्याने शिकल्या. शिक्षिका घडवणाऱ्या बाईने स्वतः उमेदवारी पत्करली, असा हा उलटा प्रवास. पुढे १९४५ साली त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, तेव्हा अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. अनुताई तेव्हा ३५ वर्षांच्या होत्या. पुण्याच्या हुजूरपागेत शिकवण्याचा अनुभव गाठीशी होता, पण वारली पाड्यांतल्या मुलांपुढे तो अनुभव जसाच्या तसा चालणारा नव्हता. मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यावी, या विचारातून अंगणवाडी निघाली. मुले गुरे राखायला जातात, तर शाळाच कुरणात न्यावी, यातून कुरणशाळा निघाली. माँटेसरीची महागडी साधने नाहीत, तर बिया, शंख-शिंपले, पाने, खडे घ्यावेत. मुलांनी दिलेल्या नकारातून बायांनी काम शिकत जावे, अशी ही घडण आहे. आज ज्याला कामावर असताना घेतलेले प्रशिक्षण म्हणतात, त्याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

अनुताईंची दोन पुस्तके शेजारी ठेवून पाहावीत. एकाचे नाव ‘बालवाडी कशी चालवावी’, दुसऱ्याचे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’. पहिल्या शीर्षकात विध्यर्थ आहे, दुसऱ्यात पंचमी. पहिले सांगते काय करावे. दुसरे सांगते की बोलणारी कुठे उभी आहे. एकाच लेखिकेला दोन्हींची गरज भासली, यात मला मोठे शहाणपण दिसते. नियम हवेतच, पण ते कोणत्या टेकडीवरून दिसले हेही नोंदले पाहिजे. पुढच्या प्रशिक्षण-वाङ्मयाने मात्र ‘कशी चालवावी’ तेवढे उचलले आणि ‘टेकडीवरून’ आत्मचरित्रांच्या फडताळात ठेवून दिले.

गुजरातीत गिजुभाईंनी हे दोन्ही एकत्र बांधून दाखवले होते. ‘दिवास्वप्न’ हे प्राथमिक शाळेविषयी आहे, बालवाडीविषयी नाही; पण शिकवायला शिकणे हाच त्याचा विषय. पुस्तके वाचून आलेला निवेदक चौथीच्या वर्गात उभा राहतो, पहिल्या दिवशी शांततेचा खेळ घ्यायला जातो, आणि वर्गात गोंधळ माजतो. त्या फजितीनंतर तो घरी जाऊन पुन्हा विचार करतो. शिक्षणाचा विचार इथे प्रथमपुरुषी भूतकाळात मांडला आहे, म्हणून त्यात काळवेळ येते, नामुष्की येते, दुसऱ्या दिवसाची तयारी येते. या पुस्तकाचे विविध भाषांत इतके अनुवाद झाले, त्याचे एक कारण मला हेच वाटते: भूतकाळ अनुवादात तगतो, उपदेश विरतो.

तरीही ‘टेकडीवरून’ या दृष्टीची एक मर्यादा सांगायला हवी. टेकडीवरून दिसते ते खालचे. पाड्यावरून मुले गोळा करून आणणाऱ्या, त्यांना न्हाऊ-माखू घालणाऱ्या, वारली बोलीचे मराठी करून सांगणाऱ्या बाया आपण अनुताईंच्या आवाजात ऐकतो. त्यांचे शिकणे आणि शिकवणे आपल्यापर्यंत दुसऱ्याच्या कृतज्ञतेतून पोहोचते. आणि त्या आवाजाचा मुख्य शब्द सेवा आहे. याच पट्ट्यात, त्याच १९४५ साली, वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात त्याची हकीकत आहे. एकाच मातीतली ही दोन पुस्तके एकत्र वाचली जात नाहीत. एकीकडे फुकट राबवून घेण्याला नकार आहे, दुसरीकडे स्वखुशीने, जन्मभर, मोबदल्याचा विचार न करता दिलेले श्रम आहेत. ताराबाई-अनुताईंची सेवा त्यांनी स्वतः निवडलेली होती, म्हणून ती थोर. पण निवडलेला शब्द जेव्हा सरकार पदनाम म्हणून हजारो बायांच्या ओळखपत्रावर छापते, तेव्हा त्यातली निवड निघून जाते आणि फुकटपणा तेवढा उरतो. त्याला वेठ म्हणणे अतिशयोक्ती होईल. पण त्या दोन शब्दांतले अंतर वाटते तितके लांबचे नाही.

या अंतरावर न्यायालयांनाही बोलावे लागले आहे. सेविकेला मिळते ते वेतन नसून ‘मानधन’ असते. केंद्राच्या हिश्शाची रक्कम २०१८ मध्ये वाढली तेव्हा ती सेविकेला महिना ४५०० रुपये आणि मदतनिसाला २२५० रुपये झाली. राज्ये त्यात आपली भर घालतात. कर्नाटकातून गेलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सेविकेचे पद हे शासकीय सेवेतले पद नव्हे असे म्हटले. पुढे गुजरातच्या दाहोद जिल्ह्यातून आलेल्या प्रकरणात, एप्रिल २०२२ मध्ये, त्याच न्यायालयाने सेविका आणि मदतनीस यांना १९७२ चा उपदान कायदा लागू होतो असा निर्णय दिला. तिथे एक कळीचा प्रश्न होता तो मानधन म्हणजे वेतन का, हा. न्यायालयाने ते वेतनाच्या व्याख्येत बसवले. आम्ही अनुवादक ज्या प्रश्नावर कोश उघडून बसतो, त्यावर तेडागर बायांच्या म्हातारपणीची रक्कम अवलंबून होती.

आता नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने, २०२० साली, बारावी झालेल्या सेविकांना सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेल्यांना वर्षाचा पदविका अभ्यासक्रम सुचवला आहे. तो काम न सोडता, दूरचित्रवाणी आणि मोबाइलवरून करायचा. महिन्यातून निदान एक दिवस प्रत्यक्ष भेटीचा. शिकण्याची ही संधी चांगलीच आहे आणि ती मिळावी. पण धोरणाची वाक्ये वाचताना वाटते की ज्ञान वरून खाली एकाच दिशेने जाणार आहे. वीस वर्षे मुले दारातून आत आणणारी बाईही या वाक्यांत ‘प्रशिक्षण द्यायची’ व्यक्ती आहे. दारापाशी बसलेल्या मुलाला तिथेच बसू द्यावे, हे तिचे ज्ञान अभ्यासक्रमात येणार नाही, कारण ते लिहिले गेलेले नाही. आणि ते लिहिले गेले नाही, कारण आपल्याकडे या कामाचे गद्य एक तर विध्यर्थात आहे, नाही तर चरित्रनायिकेच्या गौरवात.

साहित्याच्या नियतकालिकात हा विषय काढला तो यासाठी. हे गद्य घडवणे हे आपल्या लोकांचेही काम आहे. पुढची पुस्तिका माझ्याकडे आली की मी दोन गोष्टींचा आग्रह धरणार आहे. एक, कर्ता गाळायचा नाही. वाक्य जड झाले तरी चालेल. दुसरी, प्रत्येक प्रकरणामागे एका जुन्या सेविकेची किंवा मदतनिसाची हकीकत जोडायची, तिच्या बोलीत, भूतकाळात, तिच्या नावानिशी आणि लेखनाच्या मानधनासह. इथे तो शब्द शोभतो, कारण लेखकांना आपण तेच देतो. राठवी, पावरी, गोंडी घरांतून येणाऱ्या मुलांसाठी रोज सकाळी जी बाई एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेआण करते, ती माझ्याच पेशातली आहे, आणि माझ्याहून कितीतरी अवघड मजकूर हाताळते. तिच्या कामाला आपल्या भाषेत काय म्हणायचे, हे ठरवताना ‘तेडवुं’सारखे एखादे क्रियापद आपल्याकडच्या कोणत्या बोलीत आहे, हे वाचकांपैकी कोणाला ठाऊक असेल तर ते जरूर कळवावे.