कृती, कर्ता आणि श्रेय : हिंदी चित्रपटसंगीतातील गोमंतकीय जॅझ वादक

प्रस्तावना

अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स येथील कृष्णवर्णीय समाजात विसाव्या शतकाच्या प्रारंभी जॅझ संगीत आकारास आले. त्यातील थोर कलावंतांची नावे त्यांच्या कृतींशी एकरूप झाली आहेत. लुई आर्मस्ट्राँग म्हटले की 'वेस्ट एंड ब्लूज' (१९२८) आठवते, माइल्स डेव्हिस म्हटले की 'काइंड ऑफ ब्लू' (१९५९). मुंबईतील गोमंतकीय जॅझ वादकांच्या बाबतीत मात्र याच्या उलट घडले. त्यांचे वादन घराघरांत पोहोचले, नावे पोहोचली नाहीत. या विसंगतीची मीमांसा 'अलबेला' (१९५१) या चित्रपटाच्या आधारे करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कर्तृत्वाच्या दोन कल्पना

'वेस्ट एंड ब्लूज'ची मूळ रचना जो 'किंग' ऑलिव्हर यांची. तरीही ती आर्मस्ट्राँग यांची मानली जाते, कारण आरंभी साथीविना वाजणाऱ्या ट्रम्पेटच्या स्वरावलीने त्यांनी तिला नवा अर्थ दिला. हे भारतीय रसिकाला अपरिचित नाही. बंदिश सदारंगांची असली तरी मैफल गायकाचीच असते. उपज ज्याची, कृती त्याची. हिंदी चित्रपटसंगीताने मात्र नेमकी विरुद्ध कल्पना स्वीकारली. तेथे चाल बांधणारा संगीतकार हाच एकमेव कर्ता ठरला आणि वाद्यमेळ रचणारा व वाजवणारा 'सहायक' किंवा अनामिक राहिला.

'अलबेला'चे साक्ष्य

१९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबी यांचा कृष्णवर्णीय वादकांचा संच मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. पियानोवादक टेडी वेदरफोर्ड हेही पुढे तेथे वाजवीत. त्यांच्या सहवासात गोमंतकीय वादकांनी जॅझ आत्मसात केले. चर्चच्या शाळांत लहानपणीच पाश्चात्त्य स्वरलेखन शिकल्यामुळे स्टुडिओंनाही त्यांची गरज भासू लागली. रात्री हॉटेलात जॅझ आणि दिवसा चित्रपटाचे ध्वनिमुद्रण, असा अनेकांचा दिनक्रम होता.

हळदोण्याचे अँतोनिओ झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट हे त्यांपैकी अग्रगण्य ट्रम्पेटवादक. पुणतांब्यात जन्मलेल्या सी. रामचंद्रांचे ते सहायक होते. 'अलबेला'तील 'शोला जो भडके' या गीतात बोंगो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन यांचा मेळ आहे. तो केवळ साथ करीत नाही. गीताचा नृत्यस्वभावच तो ठरवतो. त्याच चित्रपटातील अंगाईगीताशी तुलना केली असता वाद्यमेळाचे हे रचनात्मक कार्य स्पष्ट होते. चिक चॉकलेट आपल्या वाद्यवृंदासह या चित्रपटात पडद्यावरही दिसतात. म्हणजे प्रेक्षकाने त्यांना पाहिले, ऐकले. परंतु ओळखले नाही.

येथे अतिशयोक्ती टाळणे आवश्यक आहे. या गीतांत वादकाला मिळणारा अवकाश कडव्यांमधील तुकड्यांपुरता आहे आणि तो बहुधा आधीच लिहिलेला असतो. त्यामुळे त्यांना शुद्ध जॅझ म्हणता येत नाही. मात्र तीन मिनिटांच्या तबकडीची मर्यादा हे त्याचे कारण नव्हे, कारण 'वेस्ट एंड ब्लूज' हीदेखील सुमारे तेवढ्याच अवधीची आहे. फरक वादकाला दिलेल्या स्थानाचा आहे. सी. रामचंद्रांची प्रतिभा निर्विवाद आहे. हे स्वर स्वीकारण्याचे धाडस त्यांचेच. प्रश्न श्रेय काढून घेण्याचा नसून वाटून देण्याचा आहे. चिक यांना मिळालेली 'भारताचा लुई आर्मस्ट्राँग' ही उपाधीही या दृष्टीने अपुरी ठरते. ती त्यांच्या अनुकरणाचे मोजमाप करते, निर्मितीचे नाही.

कोकणीचे प्रतिउदाहरण

हीच परंपरा कोकणी गीतांत वेगळी फळली. क्रिस पेरी यांच्या रचना आणि लॉर्ना कोर्दैरो यांचा आवाज यांतून घडलेली 'बेबदो'सारखी गाणी त्यांच्याच नावाने ओळखली जातात. त्यांच्या जीवनावर आधारित 'नाचूंया कुंपासार' (२०१४) हा चित्रपटही निर्माण झाला. वादक त्याच समाजाचे, वाद्येही तीच. बदलली ती श्रेयाची पद्धत. यावरून विस्मृतीचे कारण कलेच्या गुणवत्तेत नसून व्यवसायाच्या रचनेत होते, असे म्हणता येते.

निष्कर्ष

चित्रपटगीताची समीक्षा चाल, काव्य आणि गायन या तीनच घटकांवर थांबते, तोवर ती अपूर्ण राहील. वाद्यसंयोजन हा चौथा घटक स्वतंत्र कर्तृत्व म्हणून अभ्यासला गेला पाहिजे. हा प्रश्न मुंबई-गोव्यापुरता मर्यादित नाही. सोलापूरच्या वरातींत ट्रम्पेट आणि क्लॅरिनेटवर हीच गाणी वाजवणारे बँडवादकही आपल्या श्रोत्यांना नावाने ठाऊक नसतात. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी अशा वादकांच्या मुलाखती नोंदवल्यास संगीताच्या इतिहासाला नवी साधने मिळतील. मात्र ही नोंद वादक हयात असतानाच व्हावयास हवी.