‘घरच्या घरीं’ कबाब

पाककृतींच्या पुस्तकांचें परीक्षण वाङ्मयविषयक मासिकांत कशाला, असा प्रश्न कांहीं वाचकांच्या मनांत येईल. आमचें उत्तर असें कीं, मध्यमवर्गीय मराठी घरांत जीं पुस्तकें खरोखर वाचलीं जातात आणि ज्यांच्या पानांवर हळदीचे डाग पडतात, त्यांत या पुस्तकांचा क्रम वरचा आहे. ज्या गद्यावर विसंबून मनुष्य बाजारांत जाऊन पैसे मोजतो, त्याची परीक्षा कादंबरीच्या परीक्षेहून सौम्य कां असावी? प्रस्तुत लेखापुरती आम्ही एकच पाककृति घेतली आहे: रस्त्यावरचे सीख-कबाब ‘घरच्या घरीं’ कसे करावे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. कबाब हा शब्द परका, म्हणून पदार्थही सर्वस्वी परका, असें आपल्याकडे सर्रास मानलें जातें. परंतु शुळावर भाजलेल्या मांसाला अमरकोशांत ‘भटित्र’ आणि ‘शूल्य’ असे शब्द आहेत. शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकांतील विदूषक राजाच्या मृगयेला कंटाळून जीं गाऱ्हाणीं सांगतो, त्यांत अवेळीं मिळणारें आणि बहुतेक शूल्य मांसाचेंच जेवण हें एक आहे. कल्याणीच्या तिसऱ्या सोमेश्वरानें ११२९ च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लासां’त ‘भडित्रक’ सांगितलें आहे. आणि हा तोच ग्रंथ, ज्याच्या संगीतविषयक भागांत जुन्या मराठीचे नमुने सांपडतात म्हणून आपण त्याचें नांव आदरानें घेतों. अर्थात् यामुळें भेंडीबाजारांतल्या कारागिराचें श्रेय उणें होत नाहीं. खिमा सळईवर असा थापावयाचा कीं तो विस्तवावर फिरवितांना सुटूं नये, ही विद्या त्याची आहे. सोमेश्वराचें नांव पुढें करून ती कोणी आपल्या खातीं जमा करूं नये.

आतां ‘घरच्या घरीं’ या शब्दांकडे वळूं. दिसावयास ते निरुपद्रवी आहेत, परंतु त्यांच्या पोटांत एक निवाडा दडलेला असतो: पदार्थ चांगला, पण तो करणारा हात व ती जागा नको. आमच्या घरांत मासे-मटण वर्ज्य नव्हतें. वर्ज्य होता तो रस्ता, आणि रस्त्यावरचा हात. मुंबईस विद्यार्थी असतांना आम्हीं कुलाब्यास ताजच्या मागें, १९४६ पासून चालत आलेल्या बडे मियाँच्या गाडीवर कितीदां तरी कबाब खाल्ले, आणि सुट्टींत रत्नागिरीस आल्यावर वडिलांना तें एकदांही सांगितलें नाहीं. वडील आतां नाहींत. त्यांनीं रागावलें असतें कीं हंसून सोडून दिलें असतें, हें आम्हांस कधींच कळणार नाहीं. पाककृतीच्या प्रस्तावनेंत जेव्हां ‘बाहेरच्या अस्वच्छ खाण्याला उत्तम पर्याय’ अशी वाक्यें दिसतात, तेव्हां आम्हांस आमचें तें मौन आठवतें. स्वच्छतेचा मुद्दा खोटा नाहीं; पण तो तेवढाच असता, तर खिमा घरींही तितकाच नाशवंत असतो हें त्याच पानावर लिहिलें असतें. अखंड तुकड्याच्या पृष्ठभागावर असणारे जंतु खिमा करतांना सर्वत्र मिसळतात, म्हणून तो मध्यापर्यंत, सुमारें ७१ अंश सेल्सियस भरेपर्यंत, शिजला पाहिजे. आमच्या पाहण्यांत आलेल्या पाककृतींत याऐवजीं ‘लालसर होईपर्यंत’ एवढेंच आढळलें.

मराठी पाककृतीचें गद्य १८७५ च्या ‘सूपशास्त्रा’पासून बरेंच सुधारलें आहे. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’नें (१९७०) वाटी-चमच्याचें माप घरोघर रूढ केलें, हा उपकार मोठाच. परंतु मापानें जें सांगतां येतें तेवढेंच सांगावयाचें, अशी एक खोड पुढील लेखनास लागली. कबाबाच्या बाबतींत ती घातक ठरते.

गेल्या हिवाळ्यांत एका रविवारीं आम्हीं एका पुस्तकाबरहुकूम एक किलो खिमा तयार केला. (पुस्तकाचें नांव सांगत नाहीं, दोष एकट्या त्याचा नाहीं.) कच्च्या पपईचा गर लावून तो रात्रभर ठेवावा अशी आज्ञा होती, ती पाळली. परसांत जांभ्याचे दोन चिरे समांतर मांडून मध्यें करवंटीचे कोळसे पेटविले, सळया आडव्या ठेवल्या, आणि पांच मिनिटांत सर्व खिमा विस्तवांत पडला. गडग्यापलीकडून आमचे शेजारी पाहत होते. त्यांचें घराणें येथील जुन्या मुसलमान घराण्यांपैकीं.

“प्रोफेसरसाहेब, कांद्याचं पाणी काढलंत का?”

काढलें नव्हतें. पुस्तकांत तसें नव्हतें.

“चरबी किती घेतलीत? आणि पपई रात्रभर? मग त्याचा कबाब कसा होईल, पेज होईल!”

या तीन प्रश्नांत संपूर्ण पुस्तकाचें परीक्षण झालें. पपईंतील द्रव्य मांसाचे तंतू विरघळवितें. बारीक खिम्यास थोडा गर आणि घटका-दोन घटका पुरे. किसलेला कांदा पिळला नाहीं तर त्याचें पाणी खिम्याची पकड सोडवितें. ती पकड येते मिठानें आणि मळण्यानें: मीठ मांसांतील चिकट प्रथिन बाहेर काढतें, म्हणून खिमा कणकेसारखा चिवट होईतों मळावा व गार करून मगच थापावा. बोकडाची चरबी मांसांत थोडी, गुर्द्यांभोंवतीं अधिक. ती खाटकाकडून मुद्दाम मागून पांचवा हिस्सा घातली नाहीं, तर कबाब कोरडा होतो. सळई चपटी किंवा चौकोनी हवी, कारण गोल सळई फिरते आणि मांस जागच्या जागीं राहतें. विस्तवास ज्वाळा नको, राखेचा पांढरा थर धरलेला निखारा पाहिजे. रस्त्यावरची चव म्हणून जी आपण आठवितों, ती पुष्कळशी निखाऱ्यावर ठिबकणाऱ्या चरबीच्या धुराची असते; गॅसवरच्या तव्यावर तो धूर निघणार कोठून?

तव्यावरचा कबाब मुळींच करूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. वाटींत निखारा ठेवून त्यावर तूप सोडावें व भांडें झांकावें, म्हणजे थोडी धुरी लागते आणि पदार्थ रुचकर होतो. पण तें रूपांतर आहे, भाषांतर नव्हे. देवलांनीं ऑथेल्लोचें रूपांतर केलें (१८९०), तें ‘झुंझारराव’ या नांवानें रंगभूमीवर आणलें. ऑथेल्लो म्हणून नव्हे. पाककृतिकारांनीं एवढा प्रामाणिकपणा दाखवावा.

शेवटचा दोष मात्र क्षम्य नाहीं. ‘जागा नसल्यास शेगडी स्वयंपाकघरांतच पेटवावी’ असेंही आम्हीं छापलेलें वाचलें आहे. कोळशाच्या विस्तवांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं, आणि बंद खोलींत तो माणसास झोपेंतल्या झोपेंत मारतो. जुन्या घरांत चुलीवर कौलें होतीं, त्यांच्या फटींतून धूर जाई. सदनिकेंत वर दुसऱ्याची फरशी असते. हें वाक्य लिहिणाऱ्यानें शेगडी कधीं पाहिली नसावी. एका पुस्तकांतून दुसऱ्यांत उतरून घेण्याची आपली संवय वाङ्मयांत केवळ कंटाळा आणते. येथें ती जीव घेईल.

पुढच्या रविवारीं शेजाऱ्यांनीं आपल्या दोन चपट्या सळया गडग्यावरून दिल्या आणि स्वतःही आले. कबाब सळईवर राहिले. ते पहिल्या प्रतीचे होते असें म्हणवत नाहीं. एका बाजूनें करपलेच. आई पडवींत बसून सर्व पाहत होती. तिनें कबाब घेतला नाहीं, नकोही म्हटलें नाहीं. आम्ही विस्तवावर पाणी ओतणार इतक्यांत ती म्हणाली, “निखारे फुकट घालवू नको रे. डब्यात दोन सुके बांगडे आहेत, ते टाक त्यावर. आणि एक त्यांनाही दे.”