शाप उतरल्यावर काय उरते?
गर्दभ वर, हिडिंबा आणि आजची राक्षस-प्रेमकथा

मराठी साहित्यात राक्षसाच्या वाट्याला फार थोडी कामे आली आहेत. मुलांना घाबरवणे, देवाच्या हातून मरणे आणि फारच झाले तर विनोद करणे. रत्नाकर मतकरींच्या 'निम्मा शिम्मा राक्षस'मध्ये तो बालरंगभूमीवर आला आणि मुलांचा लाडका झाला. त्याआधी 1882 साली अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'सौभद्र'मध्ये घटोत्कच प्रेमकथेत आला, पण तिथे त्याचे काम झोपलेल्या सुभद्रेला उचलून अरण्यात पोहोचवण्याचे. प्रेम अर्जुनाचे, हमाली राक्षसाची. नायक म्हणून, कोणाचा तरी प्रियकर म्हणून राक्षस उभा करावा असे आपल्या कादंबरीकारांना जवळजवळ कधीच वाटलेले नाही.

इंग्रजीत मात्र गेल्या दहा-पंधरा वर्षांत अशा कादंबऱ्यांचे एक मोठे दालन उभे राहिले आहे. नायिका माणूस, नायक शिंगांचा, शेपटीचा, पंखांचा किंवा खुरांचा. सारा मास यांची 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' 2015 साली आली. त्याच वर्षी रूबी डिक्सन यांनी 'आइस प्लॅनेट बार्बेरियन्स' स्वतःच प्रकाशित केली. पुढे बैलाचे डोके असलेले मिनोटॉर, समुद्रातले जीव, दगडी गार्गॉइल असे सगळेच नायक झाले. आमच्या नगर जिल्ह्यातून पुण्याला शिकायला गेलेल्या मुलीही ही पुस्तके मोबाइलवर वाचतात आणि घरी त्याविषयी बोलत नाहीत. साहित्यिक वर्तुळात विषय निघाला तर एक हसू उमटते आणि तिथेच चर्चा संपते. ते हसू मला पुरेसे वाटत नाही. ज्या पुस्तकांना इतक्या स्त्रिया वेळ देतात त्यांना काही एक कसोटी लावून वाचायला हवे. ती कसोटी आपल्याच जुन्या कथांतून मिळते, असे मला ही पुस्तके आणि आपल्या पोथ्या शेजारी ठेवून वाचताना वाटले.

पहिली गोष्ट अशी की हा प्रकार नवा नाही आणि परकाही नाही. आमच्या शेवगाव तालुक्याच्या पलीकडे, गोदावरीच्या उत्तर काठावर पैठण आहे. सातवाहनांच्या या प्रतिष्ठान नगरीशी गुणाढ्याची 'बृहत्कथा' जोडलेली आहे. मूळ ग्रंथ हरवला. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवाने रचलेल्या 'कथासरित्सागरा'तून आपल्याला त्याची कल्पना येते. यक्ष, विद्याधर, राक्षस, नाग आणि माणसे यांच्यातल्या प्रेमाच्या कथा त्यात ठायी ठायी आहेत. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती ग्रंथाच्या जन्माची आख्यायिका. पैज हरल्यामुळे गुणाढ्याने संस्कृत, प्राकृत आणि देशी भाषा सोडल्या, आणि त्याला कथा मिळाली ती काणभूती नावाच्या पिशाचाकडून, पिशाचांच्याच भाषेत. सात लाख श्लोक त्याने स्वतःच्या रक्ताने लिहिले. राजाने ते भाषेमुळे नाकारले. मग गुणाढ्याने एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवून अग्नीत टाकले, आणि जनावरे चरणे सोडून ऐकत राहिली. राजाला उपरती झाली तेव्हा एक लाखच उरले होते. दरबाराने ज्या कथेला हीन ठरवले तिला रानात श्रोते होते, एवढे ही आख्यायिका स्पष्ट सांगते. आजच्या हसण्याचीही जात तीच आहे.

छापील मराठीचा आरंभही याच मुलखातून झाला. वैजनाथ शर्मांची 'सिंहासनबत्तिशी' 1814 साली श्रीरामपूरला, म्हणजे बंगालमधल्या सेरामपूरला, छापली गेली. सदाशिव काशीनाथ छत्र्यांची 'वेताळपंचविशी' 1830 ची. 'मुक्तामाला' (1861) आणि 'मंजुघोषा' (1868) या अद्भुतरम्य कादंबऱ्या वाचकांनी उचलून धरल्या. पुढे हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?'ने कादंबरीला घरातल्या बाईचे दुःख दाखवले. ते अत्यंत आवश्यक होते. पण त्याबरोबर अद्भुताची पत उतरली. वेताळ, हडळ आणि जखीण यांची रवानगी भयकथेत झाली, आणि राक्षस मुलांच्या गोष्टीत गेला.

पोथीत मात्र तो प्रियकर राहिलेला आहे. धुंडीसुत मालूंच्या 'नवनाथ भक्तिसारा'त (शके 1741, इसवी सन 1819) भर्तृहरीच्या आख्यानाच्या ओघात विक्रमाच्या जन्माची कथा येते. आमच्या भागात, विशेषतः पाथर्डी तालुक्यात, श्रावणात या पोथीची पारायणे होतात, त्यामुळे ती अनेकांना कानावरून माहीत असते. सुरोचन नावाचा गंधर्व शापाने गाढव होतो आणि एका कुंभाराच्या घरी माती वाहतो. एके रात्री हे गाढव बोलू लागते आणि राजकन्या बायको म्हणून मागते. राजा अशक्य अट घालतो : एका रात्रीत सगळे नगर तांब्याचे कर. अट पुरी होते, आणि राजाला सत्यवती द्यावी लागते. पुढे गंधर्व तिला आपले खरे रूप दाखवतो, विक्रमाचा जन्म होतो आणि शाप संपतो.

युरोपात मादाम द व्हिलनव्ह यांनी 1740 साली लिहिलेली 'ब्यूटी अँड द बीस्ट' याच घराण्यातली आहे. पण आपल्या कथेतला पशू सिंहासारखा रुबाबदार नाही. तो कुंभाराचे गाढव आहे. कानिफनाथांच्या मढीला यात्रेत गाढवांचा बाजार भरतो. तिथे जनावराचे दात बघून, पाठीवरचे घट्टे बघून भाव ठरतो. त्या बाजाराची सवय असलेल्या श्रोत्यापुढे पोथी सांगते की हाच नवरदेव. ऐकणाऱ्याला हसू येणार आणि धक्काही बसणार, हे रचणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे.

या गाढवाच्या शेजारी दुसरे एक गाढव ठेवून पाहावे. कोकणापासून देशापर्यंत गधेगाळी सापडतात. दान दिलेल्या जमिनीचा भंग करणाऱ्याला शिवी म्हणून दगडावर गाढव आणि स्त्री कोरलेली असते. गुन्हा पुरुषाचा, शिक्षा त्याच्या आईची. पशू आणि स्त्री यांची ही जोडी आपल्या परंपरेत दोन टोकांना उभी आहे : दगडावर ती सर्वांत हीन शाप आहे आणि पोथीत शापमुक्तीची वाट. दोन्हींत एक गोष्ट समान आहे. स्त्रीला कोणी विचारलेले नाही. पोथीतला सौदा राजा आणि गाढव यांच्यात होतो, कुंभार मध्यस्थ असतो.

यातूनच माझी कसोटी तयार झाली. तिचे तीन प्रश्न आहेत. निवड कोणाची? रूप कोणी बदलायचे? आणि शेवटी कोण कोणाच्या घरी राहायला जाते?

हिडिंबेला हे प्रश्न लावू. आदिपर्वात तिचा भाऊ तिला माणसे मारून आणायला पाठवतो. ती भीमाला पाहते आणि त्याच्यावर मन बसते. निवड तिची आहे. ती ती लपवत नाही, कुंतीपुढे उभी राहून उघड सांगते. पण भीमासमोर येताना ती सुंदर मानवी रूप धारण करते, म्हणजे बदलायचे तिनेच. भाऊ मारला गेल्यावर भीम तिलाही मारायला निघतो, आणि युधिष्ठिर त्याला आवरतो. मग अटी ठरतात : दिवसा भीमाला घेऊन जा, रात्री परत आणून सोड, आणि हे मुलगा होईपर्यंतच. घटोत्कच जन्मतो, करार संपतो, हिडिंबा निघून जाते. तिला सासर मिळत नाही. पुढे तिचा मुलगा कर्णाच्या शक्तीने मरतो तेव्हा पांडव रडतात, पण कृष्ण आनंदाने नाचतो, कारण अर्जुन वाचलेला असतो. हिमाचलात मनालीला 1553 साली बांधलेले हिडिंबेचे मंदिर आहे. तिथे ती देवी आहे. आपल्याकडे ती भीमाच्या चरित्रातला एक टप्पा राहिली. पुरुष राक्षस असला तर तो आतून गंधर्व निघतो. बाई राक्षसी असली तर काम झाल्यावर ती रानात परत जाते. शूर्पणखेला तर पंचवटीत एवढेही मिळाले नाही.

तिसऱ्या वाटेने जाणारी कथा गिरीश कार्नाडांच्या 'हयवदन'मध्ये आहे. माथेरानला जन्मलेल्या कार्नाडांचे हे कन्नड नाटक चिं. त्र्यं. खानोलकरांच्या अनुवादामुळे मराठीचेही झाले. त्यातल्या हयवदनाची आई राजकन्या आहे. स्वयंवरासाठी आलेल्या राजपुत्राला सोडून ती त्याच्या पांढऱ्या घोड्याला निवडते आणि पंधरा वर्षे त्याच्याबरोबर राहते. मग शाप संपतो, घोड्याचा गंधर्व होतो आणि तो तिला स्वर्गात चल म्हणतो. ती नकार देते. घोडा झालास तर येईन, म्हणते. तिला शाप मिळतो, ती घोडी होते आणि आनंदाने निघून जाते. सत्यवतीच्या कथेचा हा नेमका उलटा शेवट आहे. शाप उतरल्यावर जे उरले ते तिला नको होते. कार्नाडांनी हे नाटकाच्या कडेला, थट्टेच्या सुरात ठेवले आहे, पण आजच्या राक्षस-प्रेमकथेची गुरुकिल्ली तिथेच आहे. या कादंबऱ्यांत नायक शेवटी देखणा राजपुत्र होत नाही. शिंगे शिंगेच राहतात. नायिकेने आणि वाचकाने ती पहिल्यापासून पाहिलेली असतात आणि त्यांसकट त्याला स्वीकारलेले असते.

ही पुस्तके का आवडतात, असे मी माझ्या पुतणीला विचारले. ती म्हणाली, "काका, राक्षस असला तरी तो विचारतो." या एका वाक्यात बरीच समीक्षा आहे. चांगल्या राक्षस-प्रेमकथेत नायक नायिकेला सहज चिरडू शकेल इतका मोठा असतो, म्हणून त्याचे थांबणे, विचारणे, हात मागे घेणे ठळक दिसते. बळ असून न वापरणे हा त्याचा गुण. वास्तववादी कादंबरीने आपल्याला न विचारणारे नवरे शंभर वर्षे दाखवले, आणि खरेच दाखवले. विचारणारा नायक कल्पायला वाचकाला माणसांच्या बाहेर जावे लागले, यात हसण्यासारखे काही नाही.

पण म्हणून सगळी पुस्तके कसोटीला उतरतात असे नाही. सारा मास यांच्या पहिल्या भागात नायिका फेअरा जंगलात लांडगा मारते आणि दंड म्हणून एक पशुरूप धनी तिला आपल्या मुलखात नेतो. निवड तिची नाही. शेवटी बदलते तीच. माणसाची ती त्यांच्यापैकी एक होते. लेखिकेला हे खटकले असावे, कारण 2016 च्या दुसऱ्या भागात तोच नायक काळजीच्या नावाखाली तिला घरात कोंडतो आणि ती त्याला सोडून जाते. मला हा दुसरा भाग अधिक प्रामाणिक वाटतो. शाप उतरल्यावर नवरा उरला आणि तो नवऱ्यासारखाच वागू लागला, हे तिथे दिसते.

रूबी डिक्सन यांच्या बर्फाळ ग्रहावर अडकलेल्या बायकांना जगायचे तर एक जीव शरीरात घ्यावा लागतो. हा जीव छातीत गुणगुणू लागला की जोडीदार ठरला. तिथले निळे, शिंगांचे पुरुष प्रेमळ आहेत, कष्टाळू आहेत, बायकोचा मान राखतात. पण निवड त्या गुणगुणणाऱ्या जीवाने आधीच केलेली असते. आपल्या भाषेत सांगायचे तर पत्रिका पाहणारा गुरुजीच छातीत बसवला आहे. छत्तीस गुण जुळले की 'नाही' म्हणायला फारशी जागा उरत नाही. आणि परत जायला वाट नसल्याने नांदायचे त्याच्याच मुलखात. या प्रकारातल्या पुष्कळ पुस्तकांची ही पळवाट आहे. नायक विचारतो, पण उत्तर लेखिकेने आधीच देऊन ठेवलेले असते. 2017 च्या 'द शेप ऑफ वॉटर' चित्रपटातही जलचर जसाच्या तसा राहतो, हे मोठेच; तरी पाण्यात उतरते शेवटी तीच.

याची दुसरी बाजू आपल्या मातीतल्या मुंजाने दाखवली. आदित्य सरपोतदारांचा 'मुंज्या' (2024) हा हिंदी चित्रपट कोकणात घडतो. लग्नाआधी मेलेला मुलगा पिंपळावर बसून आपल्याला हवी ती मुलगी मागत राहतो. त्यालाही प्रेमच म्हणायचे आहे. पण तो विचारत नाही, मागतो. राक्षसाच्या प्रेमाची कथा आणि भुताने झपाटल्याची कथा यांतली सीमारेषा एवढीच आहे. रूप किती भयंकर, यावर ती ठरत नाही.

मराठीत ही कादंबरी लिहिली जावी असे मला वाटते, आणि ती इंग्रजीची नक्कल नसावी. साहित्य आपल्याकडे तयार आहे : आसरा, जखीण, मुंजा, वेताळ, कुंभाराचे गाढव आणि करार संपवून निघून गेलेली हिडिंबा. 'नवल', 'धनंजय' यांसारख्या दिवाळी अंकांनी आणि नारायण धारप, मतकरी यांनी भयाची भाषा घडवून ठेवली आहे. तीच भाषा थोडी वळवली तर आपुलकीचीही होईल. लिहिणाऱ्याने त्या तीन प्रश्नांना मात्र बगल देऊ नये. सत्यवतीला तांब्याच्या नगराचा मोबदला म्हणून न देता कोणीतरी विचारावे. गाढव गाढवच राहणार असेल तर ती काय म्हणते, ते ऐकायला आपण थांबावे. आणि ती नाही म्हणाली, तर कादंबरी तिथून पुढे चालू ठेवता आली पाहिजे.