जिना विसरलेलं घर

दुमजली घर बांधायचं आणि खालून वर जायचं कसं याचा विचार भिंती उभ्या राहिल्यावर करायचा, असा एक बांधणारा इंग्रजी कादंबरीत आहे. पेशाने तो वकिलाचा कारकून. घरं बांधून विकणं हा त्याचा छंद. जिना राहून गेलाय हे लक्षात आल्यावर त्याने मागच्या भिंतीत दारांपुरती भोकं पाडली, ओबडधोबड सांगाड्यावर जाड फळ्या ठोकल्या, एका बाजूला वाकडा कठडा लावला आणि वर उतरते पत्रे टाकले. रस्त्यावरून यातलं काहीच दिसत नाही. समोर विटांच्या सांध्यांतून रेखलेल्या पांढऱ्या रेघा, पांढरं लाकूडकाम, दारा-खिडक्यांना दुधी काच. व्ही. एस. नायपॉल यांच्या ‘अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास’ (1961) या कादंबरीतलं हे घर त्रिनिदादच्या पोर्ट ऑफ स्पेन शहरात, सिक्कीम स्ट्रीटवर आहे. मोहन बिस्वास या वर्तमानपत्राच्या बातमीदाराने ते 5,500 डॉलरना घेतलं, तेही बरेचसे पैसे व्याजाने काढून.

हे सगळं वाचकाला कधी कळतं? अगदी सुरुवातीच्या प्रास्ताविकात. घर पश्चिममुखी आहे, उन्हाला आडोसा नाही, त्यामुळे दुपारी बसण्याजोग्या जागा दोनच, खालचं स्वयंपाकघर आणि वरची कायम ओली न्हाणी, हेही तिथेच कळतं. बिस्वास 46 व्या वर्षी मरणार, मरताना डोक्यावर 3,000 डॉलरचं कर्ज असणार, त्यावर 8 टक्क्यांनी महिन्याला 20 डॉलर व्याज, शिवाय जमीन भाड्याची म्हणून आणखी 10 डॉलर, हा हिशोबही नायपॉल आधीच मांडून मोकळे होतात. दुसऱ्या एखाद्या लेखकाने ही फसवणूक शेवटच्या धक्क्यासाठी राखून ठेवली असती. नायपॉल घराची खोट, कर्ज आणि मृत्यू हे तिन्ही आधी टेबलावर ठेवतात आणि मग पाचशेहून अधिक पानं एकाच प्रश्नासाठी खर्च करतात: इतकं वाईट घर या माणसाने का घेतलं? माझ्या मते कादंबरीची सगळी ताकद या क्रमात आहे. दोष लपवून कुणीही सहानुभूती मिळवील. दोष फूटपट्टीने मोजून दाखवायचे आणि तरी वाचकाला घेणाऱ्याच्या बाजूने उभं करायचं, हे अवघड काम इथे पार पडलं आहे.

त्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही पात्राच्या तोंडी भाषण होऊन येत नाही. ते येतं लाकूड, पत्रे आणि डांबरातून.

बिस्वासचे पूर्वज ऊस कापायला करारावर नेलेले मजूर. हिंदुस्थानातून त्रिनिदादला अशा मजुरांचं पहिलं जहाज 1845 साली लागलं आणि 1917 पर्यंत ही भरती चालू होती. बहुतेक माणसं आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडची. तिसऱ्या पिढीत त्यांच्याजवळ थोडीशी जमीन होती, पूजाअर्चा होती, भांडणं होती. पण ‘हे आमचं’ असं छातीवर हात ठेवून सांगण्याजोगं फारच थोडं. बिस्वासच्या बालपणी बाप बुडून मरतो. बापाने बागेत पैसे पुरले असतील या आशेने शेजारी रात्री खणत राहतो, आणि शेवटी झोपडी त्यालाच विकावी लागते. पुढे त्या जमिनीत तेल सापडतं. कादंबरी हे एका बाजूच्या वाक्यात सांगून टाकते, हळहळतसुद्धा नाही.

मग लग्न. ते केलं म्हणण्यापेक्षा झालं. दुकानाच्या पाट्या रंगवायला गेलेला पोरगा मालकिणीच्या मुलीला चिठ्ठी देतो आणि तुलसी घराण्याच्या हनुमान हाउसमध्ये घरजावई होऊन अडकतो. लग्न पाहावं करून आणि घर पाहावं बांधून म्हणतात. या गड्याला पहिलं लोकांनी दाखवलं, दुसरं बघण्यात उरलेलं आयुष्य गेलं. हनुमान हाउस म्हणजे रस्त्याकडे कोऱ्या भिंती रोखून उभा असलेला पांढरा किल्ला, छतावर हनुमानाची मूर्ती, आत बहिणी, जावई, पोरं, आणि सर्वांवर सासूबाईंची सत्ता. तिथे पोटाला कमी नाही, मात्र वस्तू कुणा एकाची नाही. बिस्वास नाताळात मुलीसाठी, सावीसाठी, मोठं सुबक बाहुलीघर विकत आणतो. एकाच पोरीला एवढी भेट म्हणून सगळं घर धुमसतं, आणि शेवटी त्याची बायको शमा स्वतःच्या हाताने ते बाहुलीघर मोडते. बिस्वास चिडतो, बाचाबाची होते. पण मला तो प्रसंग शमाच्या बाजूने वाचायला आवडतो. तिला त्या घरात उद्याही राहायचं आहे. कादंबरीतलं पहिलं पूर्ण झालेलं घर ते बाहुलीघरच, आणि ते मोडणारी बाई पुढे खऱ्या घरात काहीही न बोलता राहणार आहे.

ग्रीन व्हेलचं प्रकरण मात्र सावकाश वाचावं, हा या पुस्तकाचा गाभा आहे. बिस्वास उसाच्या मळ्यावर मुकादमी करतो, बराकीतल्या एका खोलीत राहतो. भिंतींना वर्तमानपत्रं चिकटवलेली. पडल्यापडल्या तेच मथळे तो पुन्हा पुन्हा वाचतो, इतके की ते डोक्यात घुमायला लागतात. यातून सुटायचं तर घर बांधायचं. हाताशी रक्कम शंभर डॉलरच्या आसपास. मॅक्लीन नावाचा सुतार येतो आणि दोघांची बोलणी सुरू होतात. ही बोलणी विनोदी लेखनाचा वस्तुपाठ आहेत. बांधकाम काढलेल्या प्रत्येकाला ती ओळखीची वाटतील. मालक हळूहळू एक-एक गोष्ट कमी करत जातो आणि मिस्त्री प्रत्येक कपातीला मान डोलावतो. कापलेले वासे परवडत नाहीत, मग झाडाच्या फांद्या चालतील. नवा पत्रा परवडत नाही, मग हनुमान हाउसचा जुना, खिळ्यांनी भोकं पडलेला. भोकं बुजवायला डांबर. मॅक्लीन त्याला फसवत नाही, हे महत्त्वाचं. दोघंही गरीब, दोघंही सभ्य. कामाची लाज राखण्यासाठी दोघंही खरं बोलणं टाळतात.

उन्हात डांबर वितळतं आणि छतातून काळ्या लोळ्यांनी खाली लोंबू लागतं. बिस्वासला ते साप दिसतात. इथे नायपॉल प्रतीक जुळवायला गेलेले नाहीत, ही त्यांची खरी हुशारी. डांबर का लोंबतं याचं कारण आपण आधीच पैशांच्या बोलण्यात ऐकलेलं असतं: भोकं, जुना पत्रा, कमी पडलेले डॉलर. मन ढासळतं त्याची पायरी न पायरी सामानाच्या यादीतून येते. घराची एकच खोली पुरी झालेली, बाकी नुसता सांगाडा, आणि त्या एका खोलीत वादळाच्या रात्री बिस्वास आणि त्याचा मुलगा आनंद. आई इतर मुलांना घेऊन निघाली तेव्हा हा बापाजवळ थांबला होता. बाप एकटा पडला असता, एवढंच त्याचं कारण. अर्धवट घर वादळात टिकत नाही आणि बिस्वासचं मनही. अपुऱ्या बांधकामाविषयी याहून खरं लिहिलेलं मी वाचलेलं नाही.

दुसऱ्या भागात कादंबरी शहरात येते आणि थोडी सैलावते. तुलसींच्या शॉर्टहिल्स या मळ्यावरची प्रकरणं लांबली आहेत असं माझं मत आहे. तिथेही बिस्वास एक घर बांधतो, पण ते इतकं आडबाजूला असतं की त्याचा उपयोग नाही. पण या भागात एक धागा फार सुंदर विणला आहे, तो सामानाचा. प्रत्येक बिऱ्हाड बदलताना गाडीवर तेच सामान चढतं: स्वयंपाकघरातलं जाळीचं कपाट, टोप्या अडकवायचा आरशाचा स्टँड, शमाचा कुणी न वापरलेला जपानी कॉफीसेट, झुलती खुर्ची, काचेचं कपाट. दर वेळी यादीत एखादी वस्तू वाढते, आधीच्या वस्तूंचा रंग आणखी उडालेला असतो. त्यात एक जेवणाचं टेबल आहे. बिस्वास वर्तमानपत्राच्या मदतनिधीसाठी गरजूंची चौकशी करत हिंडायचा, त्यातल्याच एकाकडून आलेलं. पहिला गरजू मीच, असा विनोद तो स्वतःवर करतो. नायपॉल कुठेही म्हणत नाहीत की या माणसांनी किती सोसलं. ते यादी करतात.

आणि मग तो कारकून भेटतो. इथपर्यंत आलेल्या वाचकाला घराची खोट न्‌ खोट ठाऊक आहे, सांगाडा दुसऱ्या महायुद्धानंतर मोडलेल्या अमेरिकन लष्करी छावण्यांतून आणलेला आहे हेही ठाऊक आहे. बिस्वासला ठाऊक नाही. बाहेर पाऊस. आत चकचकीत जमीन, पडदे, कारकुनाची म्हातारी आई, कॉफी. पाऊस असल्यावर पश्चिमेचं ऊन कसं कळणार? पाहुणचार चालू असताना मागचा जिना बघून येतो असं कोण म्हणणार? आपल्याकडे सॅम्पल फ्लॅटमध्ये थंडगार हवा आणि मोगऱ्याचा वास का असतो, हे ज्यांना कळलं आहे त्यांना या प्रसंगात हसू येईल आणि पाठोपाठ पोटात गोळाही. बिस्वासला तिथे भुरळ पडते ती वास्तूची नाही. त्या खोलीत कुणी त्याला उपरा समजत नाही, याची भुरळ आहे. तिथे तो गिऱ्हाईक आहे, म्हणजे कुणीतरी आहे.

एक बारकावा इथे सांगायला हवा. निवेदक या माणसाला पाळण्यातल्या वयापासून ‘मिस्टर बिस्वास’च म्हणतो. सहा बोटांचं, अपशकुनी ठरवलेलं पोर, आणि तरी श्रीयुत. सुरुवातीला ती थट्टा वाटते. घर घेण्यापर्यंत येता येता ती थट्टा झिजते आणि मान तेवढा उरतो. शैलीच्या एवढ्याशा युक्तीवर अख्खी कादंबरी तोललेली आहे.

ताबा घेतल्यावर एकेक शोध लागतात. खाली मागचं दारच नाही. जिन्याखालचे दोन खांब बुडाशी कुजून हिरवे झालेले. पावलागणिक जिना हलतो. वाऱ्याची झुळूक आली की पत्रे मधून उचलले जाऊन कडकड वाजतात. शमा काही बोलत नाही, आणि या मौनाने बिस्वास जास्त खचतो. मग नातेवाईक बघायला येतात. टटल कुटुंब: स्वतःला सुसंस्कृत समजणारं, दुसऱ्याच्या घरात खोड काढायला टपलेलं. आधी पुस्तकांचं कपाट, काचेचं कपाट, पडदे अशा जागी लावले जातात की व्यंगं झाकली जावीत. टटल मंडळी फसतात, खूष होऊन जातात. आणि त्या दिवसापासून घरची माणसंही घराकडे पाहुण्यांच्या नजरेने बघू लागतात.

नूतनीकरणाचा हा खरा क्षण. नंतर कुंपण दुरुस्त होतं, नवं फाटक लागतं, गाडीसाठी शेड होते, गुलाब लागतात, मेलेल्या नारळाचे बुंधे पुरून त्यांवर ऑर्किड चढवायची कल्पना बिस्वासला सुचते. यादी परत आली, पण या वेळी प्रत्येक नोंदीत क्रियापद त्यांचं आहे. घर सुधारलं का? फारसं नाही. दुपारचं ऊन तिथेच आहे. मात्र आता ते त्यांच्या घरातलं ऊन आहे, आणि ग्रीन व्हेलला वितळलेल्या डांबराखाली झोपलेल्या माणसाच्या बाबतीत हा फरक किती मोठा, हे आपण ओळखून असतो.

या कादंबरीवर एक आक्षेप रास्त आहे. तुलसींच्या घरातल्या बायका बऱ्याचदा टोळक्याने येतात, टोळक्याने ओरडतात, त्यांच्या वाट्याला आतलं मन कमी आलं आहे. शमालाही उशिरा मिळालं. तरी शेवटी घर जपते ती शमाच.

कादंबरीचा बिस्वास नायपॉल यांच्या वडिलांवरून उभा राहिला. सीपरसाद नायपॉल ‘त्रिनिदाद गार्डियन’मध्ये बातमीदार होते, कथाही लिहीत. 1953 साली ते गेले तेव्हा मुलगा ऑक्सफर्डला होता, अंत्यविधीला पोचला नाही. कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा तो 29 वर्षांचा होता. इतक्या तरुण वयात बापाच्या फसलेल्या व्यवहाराकडे इतक्या थंड डोक्याने आणि इतक्या मायेने पाहता येतं, याचं मला आजही नवल वाटतं. नायपॉल यांची पुढची, नोबेलपर्यंत (2001) नेणारी पुस्तकं जास्त धारदार असतील. या पुस्तकाइतकं मोठं मन त्यांत मला दिसलं नाही.

पुस्तक जाड आहे, मधला भाग रेंगाळतो, तरी सोडू नका. आणि संपल्यावर प्रास्ताविक पुन्हा वाचा. पहिल्या वाचनात जो नुसता कर्जाचा हिशोब वाटला होता, तो दुसऱ्यांदा तसा वाटत नाही. सिक्कीम स्ट्रीटचं घर ज्यावरून बेतलं ते पोर्ट ऑफ स्पेनमधलं मूळ घर, 26 नेपॉल स्ट्रीट, आज नायपॉल संग्रहालय म्हणून जतन केलेलं आहे.