‘मी काम केलो’ आणि सातपैकी गुण

वाक्यरचनेच्या प्रायोगिक अभ्यासातला सगळ्यात स्वस्त, म्हणूनच लोकप्रिय प्रयोग म्हणजे गुणदान. वाक्य दाखवायचं आणि ते कितपत चालेल हे एक ते सात या पट्टीवर विचारायचं. या रीतीच्या बाजूने पुरावाही आहे. २०१३ मध्ये स्प्राउस, शुत्झे आणि आल्मेडा यांनी ‘लिंग्विस्टिक इन्क्वायरी’च्या दहा वर्षांच्या लेखांतली वाक्यं सामान्य भाषकांकडून तपासून घेतली. सुमारे ९५ टक्के ठिकाणी अभ्यासकांचा कान आणि लोकांचा कौल जुळला. इंग्रजीपुरता हा दिलासा खरा. तो मराठीत तसाच उचलून आणण्याला माझा आक्षेप आहे.

‘मी काम केलो’ घ्या. सोलापूर-कोल्हापूरकडे सर्रास ऐकू येणारं वाक्य. प्रमाण मराठीत क्रियापद कर्मामागे चालतं, ‘मी काम केलं’. इथे ते कर्त्यामागे गेलंय. म्हणजे नियम मोडलेला नाही, नियमच वेगळा आहे. पण भाईंदरच्या केबिन रोडवर राहणाऱ्या एखाद्या सोलापूरकराला हे वाक्य छापून गुण मागा. गावी फोनवर तो हेच बोलत असेल आणि कागदावर सातपैकी दोन देईल. मोजली गेली ती त्याची शाळा. शेजारी मालवणचे, समोर जळगावचे. ‘मातृभाषा : मराठी’ या रकान्यात सगळे एकच. त्यांची सरासरी काढली की कोणाच्याच घरात न बोलल्या जाणाऱ्या मराठीचं व्याकरण हाती येतं.

मत न विचारता वेळ मोजावा, तर? कळ दाबत एकेक शब्द वाचायचा, गती कुठे मंदावते ते पाहायचं. पण मराठीत क्रियापद शेवटी, आणि वाक्य संपताना वाचक तसाही रेंगाळतो. ‘मी काम केलो म्हणून…’ असं वाढवून ही अडचण सुटते. मोठी अडचण ही की, ही बोली छापलेली क्वचितच कोणाच्या वाचनात येते. इथे वाक्य ऐकवायला हवं, तेही ओळखीच्या हेलात.

डेक्कन कॉलेजच्या बोली-सर्वेक्षणात छोट्या चित्रफिती दाखवून काय घडलं ते सांगायला लावतात. ही रीत मला जास्त प्रामाणिक वाटते. तिच्यात चूक-बरोबरचा प्रश्नच नाही. अर्थात माणूस काय बोलतो ते कळतं, काय कधीच बोलणार नाही ते कळत नाही. शिवाय पडद्यावरचा माणूस नेहमी ‘तो’ किंवा ‘ती’. ‘मी’ हवा असेल तर सांगणाऱ्यालाच काहीतरी करायला लावून विचारावं लागेल, ‘काय केलंत?’ आणि विचारणारा पुणेरी असेल, तर उत्तरही बहुधा ‘केलं’ असंच येईल.