‘हेमाडपंती’ ही संज्ञा आणि विदर्भातील प्राचीन वास्तू

विदर्भातील कोणत्याही जुन्या दगडी देवळास ‘हेमाडपंती’ म्हणण्याची रीत लोकांत रूढ आहे. त्यात वावगे काही नाही. परंतु हीच संज्ञा गॅझेटिअरांतून, स्थलवर्णनांतून आणि अभ्यासकांच्या टिपणांतूनही जणू कालनिर्णयच झाला अशा थाटात येते, तेव्हा तिची परीक्षा करणे अगत्याचे ठरते. बांधणीची रीत, मंदिराची शैली आणि मंदिराचा काल या तीन भिन्न गोष्टींची या एका शब्दात गल्लत झालेली आहे.

प्रथम काल पाहू. हेमाद्री हा देवगिरीच्या महादेव (१२६०–१२७१) व रामचंद्र (१२७१–१३११) या यादव राजांचा श्रीकरणाधिप. त्याचे कर्तृत्व तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील होय. आता त्याच्याच नावाने ओळखली जाणारी मंदिरे घ्या. अकोला जिल्ह्यातील बार्शीटाकळीच्या देवीमंदिरात शके १०९८ (इ. स. ११७६) चा लेख आहे. कोकणातील अंबरनाथच्या शिवालयाचा लेख तर शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. हेमाद्रीच्या दोनशे वर्षे आधी उभे राहिलेले मंदिर हेमाडपंती कसे?

यावर असे म्हटले जाते की, संज्ञा कालाची नसून चुन्याविना दगड बसविण्याच्या रीतीची आहे. हा पक्षही टिकत नाही. नागपूरनजीक जुनापाणी येथील शिलावर्तुळे इ. स. पूर्व पहिल्या सहस्रकातील लोहयुगीन समाजाची आहेत. तेथे १८७९ मध्ये रिव्हेट-कार्नॅक यांनी आणि पुढे १९६१ च्या सुमारास बा. के. थापर यांनी उत्खनन केले. त्या वर्तुळांतील अवजड धोंडेही चुन्यावाचूनच मांडलेले आहेत. काहींवर तर वाटीसारखे खळगे हेतुपूर्वक कोरलेले दिसतात. केवळ चुन्याचा अभाव हे लक्षण मानले, तर मृतांची ही स्मारकेही हेमाडपंती ठरतील. अतिव्याप्तीचा याहून स्पष्ट दाखला नको.

सर्वांत मोठी हानी शैलीच्या बाबतीत होते. रामटेकची टेकडी हे तिचे उत्तम उदाहरण. तेथील केवल-नरसिंह व रुद्र-नरसिंह ही मंदिरे वाकाटककालीन, पाचव्या शतकातील. चौरस गर्भगृह, पुढे लहान मंडप, सपाट छत, जवळजवळ अनलंकृत भिंती आणि आत भव्य नरसिंहमूर्ती: येथे सारे सामर्थ्य मूर्तीत एकवटले आहे. त्याच टेकडीवरील लक्ष्मणमंदिरात रामचंद्र यादवाच्या काळचा शिलालेख आहे, तो वा. वि. मिराशी व ल. रा. कुलकर्णी यांनी संपादिला. यादवकालापर्यंत मंदिराची कल्पनाच पालटली होती. कोनाकोनांनी दुमडत जाणारा तलविन्यास, थरांथरांचे अधिष्ठान, कोरीव स्तंभ आणि लघुशिखरांच्या ओळींनी चढत जाणारे शिखर यांमुळे शिल्प गर्भगृहातून बाह्यांगावर आले. सुमारे आठ शतकांचे हे अंतर एका शब्दाने पुसले जाते. केवल-नरसिंहाच्या भिंतीतील प्रभावतीगुप्तेच्या घराण्याविषयीचा लेख १९८० नंतर, वरचा गिलावा दूर झाल्यावरच प्रकाशात आला. रूढ संज्ञाही अशाच गिलाव्याचे काम करते.

वैनगंगेकाठच्या मार्कंडा येथील मंदिरसमूहास ‘विदर्भाचे खजुराहो’ म्हणणे हा त्याच प्रवृत्तीचा दुसरा प्रकार होय. तेथील मूर्तींचे खजुराहोशी साम्य आहे, हे खरे. पण उसन्या नावाने साम्य तेवढे दिसते, आणि ज्यासाठी अभ्यास करावयाचा ते वेगळेपण झाकले जाते.

म्हणून अभ्यासकाने तलविन्यास, छत व शिखर, मूर्ती आणि लेख या क्रमाने वास्तूचे वर्णन करावे; कालनिर्णय त्यानंतर. ‘हेमाडपंती’ हा शब्द लोकस्मृतीचा ठेवा म्हणून अवश्य जपावा. मात्र जीर्णोद्धाराच्या वेळी वास्तूचा कोणता भाग राखावा व कोणता नव्याने घालावा, हे तिच्या नोंदीवरूनच ठरते. तेथे नाव चुकले, तर दगडही चुकतील.