गृहकर्ज सल्लागारांचे समाजमाध्यमांवरील लेखन : एक चिकित्सा

कर्जदस्ताची भाषा हा अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्याचा जुना प्रश्न आहे. मे १८७५ मध्ये सुपे येथे सुरू झालेला शेतकऱ्यांचा उठाव या जिल्ह्यात पसरला, तेव्हा त्यांचा रोख प्रामुख्याने सावकारांकडील कर्जरोख्यांवर होता. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने दस्त ग्रामनिबंधकापुढे करण्याची व कर्जदारास हिशेब देण्याची तरतूद केली. न उमगलेला दस्त अन्यायकारक ठरतो, हे त्यातून मान्य झाले.

गृहकर्ज सल्लागारांच्या समाजमाध्यमांवरील व ब्लॉगवरील लेखनाला हीच कसोटी लावावी लागते. ‘मासिक हप्ता फक्त १८ हजार’ हे विधान खोटे नसते, अपुरे असते. २० लाखांच्या कर्जावर ९ टक्के दराने २० वर्षांसाठी हप्ता सुमारे १७,९९५ रुपये येतो. दर स्थिर राहिला तरी व्याजच सुमारे २३.१९ लाख होते. ‘फक्त’ या शब्दाआड ही रक्कम दडते.

रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ मुदत कर्जांसाठी कर्जदारास समजणाऱ्या भाषेत मुख्य तथ्य विवरण बंधनकारक केले. परंतु ते हाती येईपर्यंत ग्राहकाचे मत बहुधा बनलेले असते. म्हणूनच एकूण परतफेड, शुल्क, बदलता दर व स्वतःचे कमिशन प्रारंभीच सांगणारे लेखनच मार्गदर्शन ठरते. उरलेली केवळ जाहिरात होय.